भाताजोगी माती

माझ्या मुलीच्या जन्माची बातमी जगात पहिल्यांदा गेली ती अशी: 'वाफा क्रमांक सतरा, कनिष्ठ. कन्या. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. उगवण एकसारखी, जोम चांगला. आवाज शेजारच्या शेतापर्यंत पोचतो. पहिले तीन महिने झोपेचा ताण पडेल, पालकांनी धीर धरावा.' बायकोने दवाखान्यातल्या पलंगावर पडल्या पडल्या ते माझ्या मोबाईलवर वाचलं आणि विचारलं, "तुमच्या शेतकी कॉलेजात सगळे असेच निघाले का रे?" मी म्हटलं, नाही गं, सगळे बरे निघाले, हा एकच असा आहे.

हा एकच म्हणजे आमचे भाई. गेली बावीस-तेवीस वर्षं शारजात रोल्लाच्या मागच्या गल्लीत राहिलेला, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस. हमरिया फ्री झोनमधल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात ते मालाची तपासणी करत. कोकणातल्या आमच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून आखातात पांगलेल्या तीस-एकतीस जणांची ते दर महिन्याला 'पीकपाणी' नावाची बातमीपत्रिका काढत. कागदावर हाताने लिहायचे, फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे. बातमी कुणाचीही आणि कसलीही असो, लिहायची ती पीक पाहणीच्या भाषेत. कुणाची नोकरी गेली की 'पाण्याचा ताण. कुणाकडे पाळी असल्यास कळवावे' एवढंच यायचं, आणि आठवड्याभरात कुणीतरी खरंच एखादी जागा कळवायचं. कुणाचे वडील गेले तर 'पीक पूर्ण पक्व होऊन काढणी झाली. घरच्यांनी सबुरी ठेवावी.' पहिल्यांदा वाचताना माझा संताप झाला होता. माणूस मेलाय आणि हे काढणी काय म्हणतात! पुढे माझे वडील गेले तेव्हा तीच ओळ माझ्यासाठी आली. शोकसंदेश शंभरेक आले होते. लक्षात राहिली ती ही एक ओळ.

भाई आम्हाला नावाने हाक मारत नसत, वाफ्याच्या नंबराने मारत. त्यामागे आमच्या कॉलेजचा एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येक पोराला भाताचा एक छोटा वाफा मिळायचा. चार वर्षं तो त्याचा. नांगरणी, चिखलणी, लावणी, काढणी सगळं त्याने करायचं. चार वर्षांनी जाताना तो नव्या पोराच्या हवाली करायचा. देणारा थोरला, घेणारा धाकटा. दोघांनी अनवाणी वाफ्यात उभं राहायचं. थोरल्याने वाफ्याची खोट सांगायची. फक्त खोट. गुण सांगायचे नाहीत, गुण ज्याचे त्याला सापडतात; खोट मात्र सांगून द्यावी लागते, नाहीतर पुढच्याचं वर्ष फुकट जातं. धाकट्याने एक शब्द बोलायचा नाही. थोरल्याने बाहेर पडून चपला घालायच्या आणि मागे वळून न बघता चालू लागायचं. ना भाषण, ना आभार. प्राध्यापक मंडळींना हा प्रकार पोरकट वाटायचा. आम्हाला पदवीदान समारंभापेक्षा मोठा वाटायचा.

मी पुण्याचा. शेतकीची पदवी घेतली आणि तिच्याकडे पाठ फिरवून खरेदी विभागात शिरलो. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीसाठी संगणकाचे सुटे भाग मागवतो, चौदा वर्षं झाली. शेतकी झालंय हे मी ऑफिसात कुणाला सांगत नसे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात रोल्लातल्या एका ग्रोसरीत मेथी घ्यायला गेलो, तर एक उंच, काटकुळा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ मेथीच्या जुडीची मुळं नाकाशी धरून उभा. मुळांना लागलेली माती बोटांनी चोळत तो स्वतःशीच म्हणाला, "पोयटा आहे. ओमानकडचा असावा." माझ्या तोंडून निघून गेलं, "चिकण जास्त वाटते." तो गर्रकन वळला. शेतकी? शेतकी. कुठलं कॉलेज? सांगितलं. वाफा?

"सतरा," मी म्हटलं.

त्यांनी मेथी खाली ठेवली. सतरा नंबर त्यांचाही होता, माझ्या सोळा वर्षं आधी. मग तिथेच, कांद्याच्या पोत्याशेजारी उभे राहून त्यांनी हिशोब घातला. मधे तीन जण होऊन गेले होते. "म्हणजे पहिला माझा मुलगा, दुसरा नातू, तिसरा पणतू. तू माझा खापरपणतू झालास." आणि लगेच, अगदी घाईने विचारलं, "नैऋत्येच्या कोपऱ्यात पाणी अजून तुंबतं का रे?"

तुंबायचं. मला माझ्या थोरल्याने तीच खोट सांगितली होती आणि मीही पुढच्याला तीच सांगून आलो होतो. मी हो म्हटलं, तर भाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एखाद्याला गावाकडची खुशाली कळावी तसा चेहरा झाला होता त्यांचा. पाणी तुंबतं यात आनंद मानणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग ते मला घेऊन गेले त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर. जुनी पाच मजली इमारत, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, आणि टाक्यांच्या सावलीत ओळीने मांडलेल्या लाकडी पेट्या, रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बाथटबचा अर्धा भाग. सगळ्यांत माती. काळीभोर. शारजात काळी माती म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. ती कुठून विकत आणलेली नव्हती. भाईंनी ती बनवली होती. बांधकामावरची वाळू चाळून, धुऊन, तिचं मीठ काढून. त्यात मासळी बाजारातले काटे, खजुराच्या बियांचा कोळसा, खोक्यांचा पुठ्ठा, पालापाचोळा. कारखान्याच्या जमिनीवर सांडलेला कोंडा आठवड्याला दोन किलो घरी न्यायची परवानगी त्यांनी मॅनेजरकडून लेखी घेतली होती आणि ते पत्र चौकट करून खोलीत लावलं होतं. पाणी एसीचं. इमारतीतल्या सगळ्यांच्या एसीच्या नळ्या त्यांनी गोडीगुलाबीने बादल्यांत वळवल्या होत्या. बादलीवरून त्यांना सगळ्या इमारतीचं वर्तमान कळायचं. "तिसऱ्या मजल्यावरचे केरळवाले सुट्टीवरून परत आले वाटतं," म्हणायचे, "पाणी सुरू झालं." नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, हा पेशावरकडचा पठाण. तो आधी गच्चीला कुलूप घालायला निघाला होता. भाईंनी त्याला रोज चहासाठी पुदिना द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तोच पेट्यांचाही राखणदार झाला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी आमचा मेळा त्या गच्चीवर भरायचा. प्रवेशासाठी प्रत्येकाने महिन्याचा चहाचा चोथा आणायचा, धुतलेला आणि वाळवलेला. 'धुतलेला' हा शब्द मी पहिल्या खेपेला मनावर घेतला नाही. आपला चहा म्हणजे दूध-साखर उकळून केलेला. तो चोथा मी तसाच पिशवीत भरून नेला आणि भाईंनी विश्वासाने पेटीत मिसळला. चार दिवसांत मुंग्यांची रांग गच्चीवरून निघून पाचव्या मजल्यावरच्या एका इजिप्शियन कुटुंबाच्या फ्रीजपर्यंत पोचली. भाई त्यांच्या दारात जाऊन माफी मागून आले आणि पुढच्या 'पीकपाणी'त आलं: 'वाफा सतरा, कनिष्ठ, यांच्या निष्काळजीपणामुळे किडीचा प्रादुर्भाव. पदवी परत घ्यावी काय, यावर सभासदांनी मत द्यावे.' मतं पडली हो! नऊ विरुद्ध बारा. थोडक्यात वाचलो. त्या दिवसापासून आमच्या घरी चोथा बायको धुते. माझ्यावर तिचाही विश्वास उरला नाही.

एकदा आमच्यातला नऊ नंबर गावाहून येताना चिवड्याच्या पिशवीत लपवून कॉलेजच्या शेतातली मूठभर माती घेऊन आला. त्याला वाटलं भाई खूश होतील. भाई इतके चिडले की त्यांचे कान लाल झाले. विमानातून माती आणायची म्हणजे काय गंमत आहे? तिच्यात सूत्रकृमी असतील, बुरशी असेल, उद्या इथल्या खजुराला लागली म्हणजे? शेतकी शिकलेल्या माणसाने हे करावं? मग त्यांनी ती माती ताटलीत पसरून ओव्हनमध्ये घातली आणि दोन तास भाजली. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे. भाजलेली माती बाटलीत भरली, वर चिठ्ठी लावली: 'निर्जंतुक. उघडू नये.' बाटली खिडकीत ठेवली. दीडेक वर्षाने मी एकदा न सांगता गेलो, तर ते खिडकीशी उभे, बूच काढलेलं, बाटली नाकाला. मला बघून म्हणाले, काही वास उरलेला नाही, भाजणी बरोबर झाली होती. मी मान डोलावली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. मला रडू आलं होतं.

आता भाताची गोष्ट. गच्चीवर आळू होता, चवळी होती, मिरच्या, कढीपत्ता, एक पपईसुद्धा होती. भात नव्हता. भाई आखातात यायला निघाले तेव्हा भाभींनी, त्यांच्या बायकोने, विचारलं होतं की परत कधी येणार. हे म्हणाले, तिथे वाळू आहे, मी तिची माती करतो, ती भाताजोगी झाली की परत. नवरे बायकोला काहीही सांगतात. पण हे शब्दाला धरून बसले. दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या सगळ्यांसमोर परीक्षा व्हायची. भाई हात धुवायचे, मधल्या पेटीतली मूठभर माती घ्यायचे, दाबायचे, उघडायचे, हुंगायचे, आणि चिमूटभर चक्क जिभेवर ठेवायचे. आम्ही श्वास रोखून. मग ते थुंकायचे आणि म्हणायचे, "नाही. अजून भाताजोगी नाही." आम्ही ओरडायचो, टाळ्या वाजवायचो, कुणीतरी 'खलास, पुढच्या वर्षी' म्हणायचा. बरोबर त्याच वेळी गावाहून भाभींचा फोन यायचा. त्या एकच विचारायच्या, "माती झाली का?" भाई म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." आम्हाला ही नवरा-बायकोची थट्टा वाटायची. आमच्यातले निम्मे लोक 'दोन वर्षांत परत' म्हणून आलेले होते, त्यामुळे हसू जरा जास्तच मोठं यायचं.

नऊ वर्षांपूर्वी भाभी महिनाभर इथे आल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून ओढणी, बोलणं बेताचं. लहानपणापासून खलाटीत, खाडीकाठच्या सखल शेतात, भात लावत आलेल्या. त्यांना आम्ही गच्चीवर नेलं आणि पोरांसारखा गलका केला की भाभींनीच आज परीक्षा घ्यायची. त्या पेटीपाशी उकिडव्या बसल्या. मनगटापर्यंत हात मातीत घातला. मूठ वळली, उघडली, नुसती बघत राहिल्या. मग मान वर करून भाईंकडे पाहिलं. भाई पाण्याच्या टाकीकडे बघत होते, टाकी कधी पाहिली नसावी अशा नजरेने.

"नाही," भाभी म्हणाल्या. "अजून जराशी कमी आहे."

आम्ही हसून लोळलो. तोंडी परीक्षेत पास झालेल्या पोराने सोडावा तसा सुस्कारा भाईंनी सोडला. भाभींनी एसीच्या पाण्याने हात धुतले आणि सगळ्यांना घावणे वाढायला लागल्या.

आमचा चाळीस नंबर अजमानच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नि मातीचे नमुने तपासतो. सहा वर्षांपूर्वी त्याला काय वाटलं कोण जाणे, चहाचे कप गोळा करता करता त्याने मधल्या पेटीतली मूठभर माती खिशात घातली. आठवड्याने रिपोर्ट घेऊन तो माझ्या ऑफिसखाली आला. सेंद्रिय कर्ब, सामू, क्षार, सगळं उत्तम. कोकणातल्या कित्येक शेतांना लाजवेल असं. दोघंही गाडीत बसून तो कागद बघत राहिलो. सांगायचं का? सांगितलं तर काय होणार ते उघड होतं. भाई शब्दाचा पक्का माणूस. भात लावला असता, कापला असता आणि गेला असता. मग शनिवार गेले, 'पीकपाणी' गेलं, आम्हाला नंबराने हाक मारणारं माणूस गेलं. चाळीस नंबर म्हणाला, त्यांना अपमान वाटेल रे, जिभेपेक्षा मशीन खरं मानलं म्हणून. मीही लगेच हो म्हटलं. सबब चांगली होती. रिपोर्ट मी घरी कपाटात, मुलीच्या लसीकरणाच्या फाईलमध्ये ठेवला. मधे भाभींना गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्याचं 'पीकपाणी'त आलं, तेव्हाही मी ते कपाट उघडलं नाही. हे मला आज लिहितानाही टोचतं.

यंदा सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. भाईंचं वय झालं म्हणून कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. आणि इमारतीच्या ऑफिसातून पत्र आलं की गच्चीवर नव्या टाक्या बसणार आहेत, ऑक्टोबरअखेर सामान हलवा, नाहीतर कचऱ्यात जाईल. भाईंना जाण्याचं काही वाटत नव्हतं, निदान ते तसं म्हणत होते. त्यांचा जीव मातीत अडकला होता. बावीस वर्षांची माती. बरोबर नेता येत नव्हती, म्हणजे कुणी नेली असती तर त्यांनीच विमानतळावर पकडून दिलं असतं. आणि ती कचऱ्याच्या पेटीत पडलेली त्यांना बघवणार नव्हती. बातमीपत्रिकेत त्या महिन्यात एकच ओळ आली: 'सर्व वाफे. मातीला जागा हवी आहे.'

सगळे आले. शारजा, अजमान, अबू धाबी, रास अल खैमा. ज्यांनी कधी चोथासुद्धा वेळेवर आणला नव्हता तेही आले. तुपाचे डबे, रंगाच्या बादल्या, मुलांचे जुने टब घेऊन. लिफ्टला इतकं वजन पेललं नाही, तेव्हा माती पाच मजले हातोहात उतरवली. नातूर स्वतः रांगेत उभा होता आणि त्यानेही एक डबा भरून घेतला, पुदिन्यासाठी. भाईंनी सगळ्यात जुनी लाकडी पेटी आणि बाथटबचा अर्धा भाग माझ्यासाठी राखून ठेवला होता. मी घरी भीत भीत विषय काढला. आमच्या टॉवरचे नियम कडक, बाल्कनीत कपडे वाळत घातले तरी मेल येते. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट मड." बायकोने तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "चौदा वर्षं चोथा मी धुतलाय. निम्मी माती माझी आहे. घेऊन ये." मॅनेजमेंटचं ती बघून घेईल म्हणाली. बघून घेतलंही.

भाईंच्या जाण्याच्या दिवशी सकाळी मी पेटी न्यायला गेलो. गच्ची ओकीबोकी झाली होती, पेट्यांच्या जागी फरशीवर नुसते चौकोनी डाग. भाई इस्त्रीच्या शर्टात, पँट घोट्यापर्यंत दुमडून तयार उभे. म्हणाले, चपला काढ. ऑक्टोबरातली दहाची वेळ, फरशी अशी तापलेली की मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होतो. "यल्ला, आत ये," म्हणाले. त्या एवढ्याशा पेटीत आम्ही दोन घोडे पुरुष, एकमेकांचे दंड धरून, अनवाणी उभे राहिलो. माती गार होती.

"धाकट्या, खोट ऐक," ते म्हणाले. "ही माती बारा वर्षांपूर्वी भाताजोगी झाली. मी जिभेवर ठेवली, मला कळलं, आणि तुमच्यासमोर मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षीही म्हटलं. घर बांधायचं होतं, मुलीचं शिक्षण होतं. नंतर तेही उरलं नाही. नंतर सवय होती, आणि तुम्ही लोक होतात. बारा वर्षं मी हिला नावं ठेवली. हिच्यात खोट नाही. पुढच्याला हे सांगत जा."

धाकट्याने बोलायचं नसतं. पण मला राहवलं नाही. मी रिपोर्टचं सगळं सांगून टाकलं. सहा वर्षांपूर्वीच आम्हाला कळलं होतं भाई, आम्ही लपवलं, तुम्ही जाल म्हणून लपवलं, भाभींचे गुडघे दुखतात हे माहीत असून लपवलं.  भाई ऐकत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात माझं तोंड बघणार नाही.

"नमुना कुठून घेतला?" त्यांनी विचारलं.

"मधल्या पेटीतून."

"एकाच जागेवरून?"

"हो. वरूनच. मूठभर."

"व्ही आकाराचा खड्डा नाही? पाच जागचे नमुने मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, काहीच नाही?"

"नाही."

"मग तो रिपोर्ट धरता येत नाही," भाई म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पेटीतून बाहेर पडले, फडक्याने पाय पुसले, चपला घातल्या आणि जिन्याकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. मी पेटीत तसाच उभा राहून हमसून हमसून रडलो. नातूर पाण्याची बाटली घेऊन आला आणि लांब उभा राहिला.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आमच्या बाल्कनीत भरला. जागा कसली, निम्मे लोक सोफ्यावर, चारजण लिफ्टपाशी. सगळे म्हणाले, सतरा नंबर तू आहेस, तू परीक्षा घे. मी हात धुतले. मूठ दाबली, उघडली, हुंगली. जिभेवर ठेवायचं धाडस झालं नाही. मुलीने मात्र "लेट मी" म्हणत चिमूटभर तोंडात टाकली आणि वाकडं तोंड केलं. मी म्हटलं, झाली आहे. कुणी टाळी वाजवली नाही. इतक्या वर्षांत असं उत्तर कधी आलं नव्हतं, त्यावर काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाभी.

मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

"माती झाली का?" त्यांनी विचारलं, नेहमीच्याच आवाजात.

"झाली, भाभी," मी म्हटलं. "बारा वर्षांपूर्वीच झाली होती म्हणे."

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हो. मी हात घातला तेव्हा चांगली झालेली होती."

 मी विचारलं, मग तुम्ही नाही का म्हणालात?

"पोरगी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. मी झाली म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर त्यांना यावंच लागलं असतं. आणि मान खाली घालून आले असते. मला तसे नको होते."

"आणि नंतरही दर वर्षी फोन करून विचारत होतात?"

"विचारायचं सोडलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, मला माहीत आहे म्हणून," भाभी म्हणाल्या. "तुम्ही बोलू नका हां यातलं काही. ते अंगणात आहेत. आता आलेत ते आलेत." मग त्यांनी विचारलं, भात कधी लावताय? मी म्हटलं, उद्या पेरतो, रोप झालं की लावणी. "लावा लावा," त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावायची त्या मातीला."

मागून भाईंचा आवाज आला, कोण आहे, सतरा नंबर का, इकडे दे. फोन हातात घेताच त्यांनी, कसा आहेस वगैरे काही नाही, सरळ विचारलं की बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून हलकं बी वेगळं काढलंस का. हे मी साफ विसरलो होतो. बी अजून पिशवीतच होतं.

"हो भाई," मी म्हटलं, "कालच काढलं."

"शाबास," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी पातेल्यात पाणी घेतलं आणि बायकोला विचारलं, मीठ कुठे आहे.